चौथ्या प्रश्नाचं उत्तर

“‘एक आई होती,’” लेकीने वाचलं, आणि ती थांबली.

सर खुर्चीच्या पाठीला मान टेकून बसले होते. उजव्या डोळ्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने बसवलेली. डावा उघडा होता, पण असून नसल्यासारखा, कारण त्यातला मोतीबिंदू अजून काढायचाच होता. त्यांना वाटलं, अक्षर लागत नसेल. परीक्षेच्या तिसऱ्या तासाला मुलांचे हात भरून येतात, ओळी उताराला लागतात, हे तीस वर्षांच्या सवयीने त्यांना पाठ होतं. “खोडलंय का काही?” त्यांनी विचारलं. “नाही. अक्षर छान आहे,” लेक म्हणाली. आणि मग, तेव्हा कुठे, सरांच्या ध्यानात आलं की पहिले तीन प्रश्न झाले, आता हा चौथा आहे. “ते राहू दे,” ते घाईघाईने म्हणाले, “ते नुसतं उदाहरण आहे. त्याला मार्क नसतात. पुढचं घे.” हे धडधडीत खोटं होतं. दहापैकी तीन मार्क उदाहरणाचेच होते, आणि तसं प्रश्नपत्रिकेत छापलेलं होतं, आणि प्रश्नपत्रिका लेकीच्या समोरच पडलेली होती. ती पुढे गेली नाही. ज्या आवाजात तिने मघापासून आत्म्याचं अमरत्व आणि सृष्टीची उत्पत्ती वाचली होती त्याच सपाट आवाजात तिने वाचलं, “‘एक आई होती. तिचं चार दिवसांचं बाळ दवाखान्यात वारलं. तिने आपल्या वडिलांना विचारलं, देव आत्ता रडत असेल का? वडील म्हणाले, देवाला दुःख होत नाही. ज्याला दुःख होतं तो स्वतःच मदतीची वाट बघत बसतो, असा देव काय कामाचा? हे ऐकून त्या आईचं समाधान झालं व ती शांत झाली. यावरून देव अविकारी आहे, म्हणजे त्याच्यात बदल होत नाही, हे स्पष्ट होते.’” कागद उलटल्याचा आवाज आला. “दहापैकी किती देऊ?” तिने विचारलं.

आता याला काय म्हणावं? माणूस स्वतःच्या हाताने खड्डा खणतो, वर पालापाचोळा पसरतो आणि मग विसरून जाऊन त्याच रस्त्याने रोज फिरायला जातो, तसं सरांचं झालं होतं. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढली होती. चौथा प्रश्न दरवर्षी तोच असायचा: देव अविकारी आहे काय? उदाहरण देऊन चर्चा करा. पाळक घडवणाऱ्या त्या सेमिनरीत तो सरांचा प्रश्न म्हणूनच ओळखला जायचा. सर म्हणजे सर. त्यांना दुसरं नाव असेल हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. बायको हयात होती तेव्हा तीही चिडवायला ‘अहो सर’ म्हणायची, पुढे जावईही तेच म्हणू लागला. गुरुवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि शुक्रवारी सकाळी प्राचार्यांचा फोन आला, की सर, तुमचं चालू द्या, विश्रांती घ्या, फक्त एकतीस पेपर आहेत तेवढे सोमवारपर्यंत तपासून द्या. लेक तिथेच उभी होती. डोळ्यात थेंब घालायला ती आठ दिवसांसाठी राहायला आली होती. “सांगा त्यांना, होतील म्हणून,” ती म्हणाली, “मी वाचते, तुम्ही मार्क सांगा, मी लिहिते.” सरांना केवढं बरं वाटलं होतं! चार वर्षांत ती त्यांच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही बोलली होती. लहानपणी ती अशीच त्यांच्या टेबलाखाली बसायची आणि तपासलेल्या पेपरांचे दोरे आवळून गाठी मारून द्यायची. त्या आनंदात चौथा प्रश्न त्यांच्या ध्यानातच राहिला नाही. मोठमोठ्या गोष्टी ज्यांच्या डोक्यात असतात त्यांचं असंच होतं.

“किती देऊ?” लेकीने पुन्हा विचारलं. “सात,” सर म्हणाले. लाल पेन्सिलीचा आवाज आला. तिने पुढचा पेपर ओढला. काही बोलेल म्हणून सर वाट पाहत होते, पण ती बोलली नाही, आणि तिची हीच तर तऱ्हा होती. चार वर्षं ती महिन्यातून दोनदा यायची, पडदे धुवायला काढायची, औषधं तपासायची, जावयाच्या ऑफिसातल्या गमती सांगायची, खळखळून हसायचीसुद्धा. पण त्या एका गोष्टीबद्दल तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. चर्चला येणं तिने बंद केलं होतं, तेही भांडून वगैरे नाही. एका रविवारी डोकं दुखत होतं, पुढच्या रविवारी पाहुणे होते, आणि मग कारणं सांगणंही बंद झालं. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं, तिला वेळ द्या. वेळ! परवाच, पहिल्या दिवशी संध्याकाळी थेंब घालता घालता ती म्हणाली होती, “पप्पा, यांची बदली झालीय. महिनाअखेर आम्ही निघतो.” विमानाने आठ तासांचं अंतर होतं ते. म्हणजे आता फोन, आणि फोनवर हवापाणी. सरांच्या हाती हे आठ दिवस होते, त्यातले दोन संपलेही होते. या आठ दिवसांत ते बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. आणि आता हा गठ्ठाच बोलायला लागला होता.

दुसऱ्या पेपरात तीच आई होती. तिसऱ्यातही तीच. चौथ्या पेपरापासून लेकीने पहिले तीन प्रश्न आधी उरकून घेतले आणि चौथ्याशी आली की पाणी प्यायल्यासारखी क्षणभर थांबून सावकाश वाचू लागली. आई तीच, बाळ तेच, वडील तेच, आणि शेवटी समाधानही तेच. “टिपणं आहेत वाटतं कुणाची?” तिने विचारलं. सर म्हणाले, “असतात. एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात.” “म्हणजे तुम्ही वर्गात सांगितलं असणार.” सांगितलं होतं, एकदाच. ते झाल्यावर आठव्या दिवशी ते वर्गावर गेले होते. सगळे म्हणाले, इतक्यात नका येऊ, पण घरात त्यांना बसवेना. शिकवताना धडाही नेमका तोच आला. फळ्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं: ज्यात बदल होतो त्यात काहीतरी उणं असतं, देवात उणं काही नाही, म्हणून देवात बदल नाही, दुःख हा बदल आहे. खडू ठेवला आणि वळले, तर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, सर, पण प्रत्यक्षात दुःखी माणसाला हे सांगून काय उपयोग? बाकीचे एकदम चूप झाले, कारण सगळ्यांना घरचं ठाऊक होतं, विचारणाऱ्यालाच तेवढं नसावं. आणि सरांनी ऐकलं, की आपण बोलतो आहोत: एक आई होती. आपण बोलतो आहोत, आणि ती आई शांत झाली असं सांगतो आहोत. शेवटचं वाक्य त्यांनी ठरवून घातलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि पडल्यावर इतकं बरं वाटलं, की संध्याकाळी घरी जाताना त्यांना ते खरंच घडल्यासारखं वाटू लागलं. वर्गातल्या पोरांनी खाली माना घालून लिहून घेतलं. लिहून घ्यायला कोणी सांगितलं होतं मेल्यांना!

“हे ऐका,” लेक म्हणाली. बारावा की तेरावा पेपर असेल. “यात आई विधवा आहे. आणि बाळ पाच वर्षांचं आहे.” पुढच्या एकात वडील ‘थोर तत्त्वज्ञ’ होते. “बढती झाली तुमची,” ती म्हणाली. त्याच्या पुढच्याने तर कहर केला होता. सर वर्गात विहिरीचा दाखला द्यायचे, की विहिरीत पडलेल्याला काढायला काठावर कोणीतरी पाय रोवून उभं असावं लागतं, तोही आत उडी मारून बसला तर दोर कोणी धरायचा? या पठ्ठ्याने दोन्ही दाखले एकत्र कालवून बाळालाच विहिरीत पाडलं होतं, आणि आई काठावर उभी राहून समाधान पावत होती. लेक हसली. खरंच हसली, पेपर टेबलावर आपटून, खोकला येईपर्यंत हसली, आणि सरांनाही हसू फुटलं, आणि मग दोघांचंही हसू एकदमच थांबलं. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पी-पी बराच वेळ ऐकू येत राहिली. “मला कोणी विहिरीतून काढायला नको होतं,” लेक म्हणाली. ती हे वडिलांना सांगत होती की पेपर लिहिणाऱ्याला, कळायला मार्ग नव्हता. “मला आत सोबत हवी होती. पाच मिनिटं. मग राहिले असते एकटी.”

दवाखान्याच्या त्या कॉरिडॉरची फरशी सरांना अजून जशीच्या तशी दिसायची. हिरवट होती, आणि भिंतीलगत एक पांढरा पट्टा. सिझेरियनचे टाके ओले असताना लेक खोलीतून चालत बाहेर आली होती, कोणालाही न जुमानता, एक हात पोटावर धरून. मागे जावई, त्याच्या मागे नर्स. ती रडत नव्हती. ती सरांच्या समोर उभी राहिली आणि तिने विचारलं. लहानपणापासून तिला जे अडलं ते ती सरांनाच विचारत आली होती. ढग कशाचे, बहिऱ्यांची प्रार्थना देवाला ऐकू येते का, येशू मित्राच्या कबरीपाशी रडला तर मग देव रडला का. तेव्हा ती आठ वर्षांची होती. सरांनी तिला गंभीरपणे समजावलं होतं, की येशू खरा माणूस आणि खरा देव. तो रडला तो माणूस म्हणून, देव म्हणून नाही. तिने विचार करून विचारलं होतं, “म्हणजे अर्धाच रडला?” तिच्या आईने हसून हसून पदर तोंडाला लावला होता, आणि पुढे कित्येक वर्षं घरात कोणी खोटं रडलं की ‘अर्धीच रडतेय ग’ म्हणायची पद्धत पडली होती. आई असती तर त्या दिवशी काहीही न बोलता लेकीला धरून खालीच बसली असती, त्या हिरवट फरशीवर. पण ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि कॉरिडॉरमध्ये फक्त सर होते. लेकीने विचारलं, “पप्पा, देव आत्ता रडत असेल का?” आणि सरांनी उत्तर दिलं. काय करणार, त्यांना प्रश्न विचारला की उत्तर यायचंच.

आणि ते उत्तर खोटं नव्हतं. पंचाईत होती ती इथेच. खोटं असतं तर एक दिवस उठून माफी मागून मोकळे झाले असते. सरांचा अजूनही त्यावर विश्वास होता. बायकोच्या आजारपणात, रोज थोडी थोडी विझत गेलेली ती बाई समोर असताना, त्यांनी रात्रंदिवस ह्याच एका गोष्टीला धरून ठेवलं होतं, की सगळं हलतंय, घर हलतंय, माझे गुडघे हलतायत, पण एक कोणीतरी आहे जो हलत नाही. त्याला ताप येत नाही, त्याचा धीर सुटत नाही, उद्या तो आजच्यापेक्षा कमी असणार नाही. त्या आधाराने ते उभे राहिले होते. म्हणजे लेकीला त्यांनी दगड मारला नव्हता. स्वतःला लागू पडलेलं औषध काढून दिलं होतं, घरात एवढं एकच होतं म्हणून. तिने ते ऐकलं, मान हलवली, आणि ती खोलीत परत गेली. ती मान हलवणं सरांनी समाधान समजून घेतलं. निदान तसं समजायचा त्यांनी आटापिटा केला, एवढं तरी आता कबूल करायला हवं होतं.

तेविसाव्या पेपरापाशी लेक पुन्हा थांबली. हे थांबणं वेगळं होतं. “ही कोण आहे हो? तिरकं तिरकं अक्षर. मोठी बाई वाटते.” सरांनी ओळखलं. संध्याकाळच्या वर्गाला येणारी नर्स, चाळिशीची, कायम दाराजवळच्या बाकावर बसायची, कारण ड्यूटीसाठी तिला पाच मिनिटं आधी उठावं लागायचं. “वाच,” ते म्हणाले. नर्सने सगळा युक्तिवाद नीट मांडला होता, टिपणातल्यापेक्षाही नीट. मग लेकीने वाचलं, “‘टिपणात जे उदाहरण आहे त्यात बाळ गेल्यावर आईचे समाधान झाले असे दिले आहे. मी अकरा वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. अशी आई मी पाहिलेली नाही. गप्प झालेल्या पाहिल्या आहेत. गप्प होणे म्हणजे समाधान नव्हे. हे उदाहरण चुकीचे असावे असे मला वाटते. याचे मार्क गेले तरी चालतील.’” वाचून झाल्यावर तिने तो पेपर ठेवला नाही.

“खरं आहे तिचं,” सर म्हणाले. “उदाहरण चुकीचं आहे. मीच खोटं सांगितलं वर्गात. तुझं समाधान झालं नव्हतं.”

“नाही,” लेक म्हणाली.

“मला माहीत होतं.”

“माहीत होतं?” तिचा आवाज चढला, चार वर्षांत पहिल्यांदा चढला. “माहीत होतं आणि तरी सांगितलंत? तीस-तीस पोरांना? दरवर्षी? माझी मुलगी तीन मार्कांना लावलीत, पप्पा!” आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, खिडकीपर्यंत गेलेली पावलं. सरांना उठावंसं वाटलं, पण उठून कुठे जाणार, डाव्या डोळ्याला लेक म्हणून दिसणारा तो निळसर डाग खिडकीच्या उजेडात मिसळून दिसेनासा झाला होता. जाईल आता, त्यांना वाटलं. बॅग भरेल, जावयाला फोन करेल, पुढची सगळी वर्षं फोनवर हवापाणी. आणि आपल्याला तेच मिळायला हवं. तेवढ्यात ती खिडकीतूनच म्हणाली, “सगळ्यांना पूर्ण मार्क द्या. त्यांनी तुमचंच लिहिलंय, त्यांचा काय दोष. आणि या बाईला दहापैकी अकरा देता येत असतील तर बघा. नापास एकटाच आहे इथे.”

“हो,” सर म्हणाले.

“हो काय? मग दुरुस्त करा ना. तुम्ही मास्तर आहात. चुकलेलं वाक्य खोडायचं आणि बरोबर लिहायचं, एवढंच तर शिकवलंत मला जन्मभर. सांगा खरं. काय झालं त्या दिवशी?”

सरांनी मन लावून शोधलं, पण त्यांना मोठं काही सापडेना. तीस वर्षांची व्याख्यानं कपाटात होती. त्यांतलं एकही हाताशी येईना. आठवली ती त्या दिवशीची टॅक्सी. तिच्याबद्दल ते कोणाशी बोलले नव्हते. सांगण्यासारखं तिच्यात काही आहे असंच त्यांना कधी वाटलं नव्हतं. “तुझे टाके ओले होते,” ते म्हणाले, “आणि तू नवऱ्याचा हात सोडत नव्हतीस. म्हणून तिला न्यायला मी गेलो. दवाखान्याच्या खिडकीतून त्यांनी सही घेतली आणि तिला माझ्याकडे दिली. पांढऱ्या दुपट्यात होती. तोंड उघडं होतं.”

सरांचा डावा हात मांडीवर आपोआप उताणा झाला.

“मी टॅक्सी केली. मागे बसलो. पाळकसाहेब कबरस्तानात वाट बघत होते. चाळीस मिनिटांचा रस्ता होता. आणि अगं, मी तिची मान धरली होती. एवढं लहान मूल घेतलं की आपण मानेखाली हात घालतो ना, तसा. तू झालीस तेव्हा तुझ्या आईने मला शिकवलं होतं, मान सांभाळा, मान सांभाळा, बाकी काही नाही आलं तरी चालेल. मला माहीत होतं, की आता त्याचा काही उपयोग नाही. पण हात काढवेना. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि म्हणाला, बाळ झोपलंय वाटतं, एसी कमी करू का? मी म्हटलं, हो, कमी करा. मग तो प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी अगदी सावकाश घ्यायला लागला. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, पण त्याने काही ऐकलं नाही. मध्येच त्याने विचारलं, नातू का? मी म्हटलं, नात.” सर थांबले. “तेवढं एकदाच म्हणालो मी कोणाला. नात आहे म्हणून.”

तीस वर्षं त्यांनी क्रुसावरच्या मरणाबद्दल शिकवलं होतं. कोण मेलं, देव मेला की माणूस मेला, मरण कुठल्या स्वभावाला स्पर्श करतं, यावर त्यांच्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे होते. पण खिळे काढून त्याला खाली उतरवताना मान कोणी धरली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि कोणाला विचारूही दिलं नव्हतं. कोणीतरी धरली असणार. मेलेल्या माणसाची मान लटकते, धरावीच लागते, उपयोग असो वा नसो. आणि धरणाऱ्याच्या मनात त्या वेळी देवाच्या स्वभावाबद्दल काही असेल असं सरांना वाटेना. त्याला आपला हात तेवढा जड झालेला जाणवत असेल, मनगटापासून कोपरापर्यंत, जसा त्यांना स्वतःला पुढे दोन दिवस जाणवत राहिला होता.

“आणि तुम्ही रडलात?” लेकीने विचारलं. ती केव्हा जवळ येऊन उभी राहिली होती ते त्यांना कळलं नव्हतं.

सर खोटं बोलू शकले असते. आता तर ते किती सोपं होतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. “नाही,” ते म्हणाले. “रडलो असतो तर हात हलला असता.”

आपण पुन्हा तेच उत्तर दिलं की काय, अशी धास्ती सरांना वाटली. चार वर्षांनी, एवढं सगळं होऊन, पुन्हा तेच. मग त्यांना ऐकू आलं, की लेक रडते आहे. अर्धं नाही. ती जमिनीवर बसली होती, त्यांच्या खुर्चीला टेकून, आणि शब्द तिच्या तोंडून तुकड्यातुकड्याने येत होते. “मला वाटायचं, खोका असेल. पप्पा, मला चार वर्षं वाटायचं की तिला खोक्यात घालून नेलं असेल. डिकीत. मी कोणाला विचारलं नाही. यांना नाही, तुम्हाला नाही. हो म्हणाला असतात तर? मी रोज... रोज तो खोका... आणि तुम्ही हातात धरून नेलंत. चाळीस मिनिटं. आणि मला काय सांगितलंत, तर देवाला दुःख होत नाही! हे का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, तू देवाबद्दल विचारतेयस,” सर म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला आणि चाचपडत तो तिच्या डोक्यावर ठेवला. बाळ, असं त्यांच्या ओठांवर आलं. पूर्वी ते तिला तीच हाक मारायचे, आणि त्या दिवसापासून त्यांची जीभ तिथे अडायची. आताही अडली. त्यांनी नुसता हात ठेवला. तिची मान कोणत्या हातावर होती, लेकीने विचारलं, आणि ते म्हणाले, हाच, डावा. तिने तो डोक्यावरून काढून दोन्ही हातांत घेतला, तळवा वर करून, आणि बघत बसली. काय बघत होती कोण जाणे, म्हाताऱ्या माणसाचा हात तो, मनगटाशी डागाळलेला, बोटांना पुस्तक धरायची सवय झालेला. सरांना आता काहीच दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यातला उजेडही पाण्याने भरून गेला होता.

स्वयंपाकघरातलं घड्याळ वाजलं. थेंबांची वेळ झाली होती, आधी पांढऱ्या झाकणाची बाटली आणि पाच मिनिटांनी लाल. गुरुवारी दवाखान्यातून निघताना तिथल्या मुलीने बजावलं होतं, काका, आठ दिवस वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि रडायचं-बिडायचं तर अजिबात नाही. तेव्हा लेक म्हणाली होती, त्याची काळजी नको, ते रडत नाहीत. आता ती उठली, नाक पुसलं, हात धुऊन आली. तिने चिकटपट्टी हळूच सोडवली आणि वाटी बाजूला ठेवली. “अहो, हे काय करून ठेवलंत,” ती म्हणाली. “डोळा सगळा भरलाय. थेंब राहणार कुठे?”

“टिपून घे,” सर म्हणाले.

तिने कापूस घेतला, टिपलं, पुन्हा टिपलं. रोज ती त्यांना मान खुर्चीवर टेकायला सांगायची आणि समोर उभी राहून लांबून थेंब टाकायची. आज ती खुर्चीच्या मागे आली, आणि तिने आपला डावा हात त्यांच्या मानेखाली घातला. सरांनी डोक्याचं सगळं ओझं तिच्या तळव्यावर सोडलं. पहिला थेंब पडला तो आतल्या पाण्याबरोबर गालावरून कानाकडे ओघळून गेला. “पुन्हा घालते,” ती म्हणाली. “हलू नका, पप्पा.” तिचाच हात थरथरत होता. सर हलले नाहीत, आणि दुसरा थेंब नीट पडेपर्यंत त्यांनी श्वासही जपून घेतला.